मुखावरचा पहिला नारळ

आमच्या गावाची एसटी सड्यावर थांबते आणि तिथूनच मागे फिरते. पुढे रस्ता नाही. जांभ्या कातळाचं ते उघडं पठार पावसाळ्यात हिरवं आणि एरवी तव्यासारखं तापलेलं असतं. त्याच्या कडेवरून दगडी पायऱ्यांची पाखाडी खाडीपर्यंत उतरते. खाली 'तर' मिळते, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. होडीवाला दुसऱ्या काठाला असला तर ओरडून बोलवायचं. पलीकडे उतरून माडांखालून चालत गेलं की आमची वाडी, आणि वाडी संपली की मुख.

मुख म्हणजे नदी समुद्राला मिळते ती जागा. दक्षिणेला काळा कडा सरळ पाण्यात उतरलेला आहे. उत्तरेला वाळूचा दांडा आहे, तो दर पावसाळ्यानंतर थोडा वेगळ्या जागी दिसतो. दोन्हींच्या मधून नदी बाहेर पडते, पण तोंडाशीच पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे. त्याला सगळे बार म्हणतात. पावसाळ्यात या बारवर लाटा फुटतात, एकामागून एक, पांढऱ्या, आणि त्यांचा आवाज वाडीतल्या घरात झोपल्यावर उशीतून ऐकू येतो. तिथे बोलायचं तर दुसऱ्याच्या कानाशी जावं लागतं. पर्यटक तिथे येत नाहीत. लालबागच्या चाळीत वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला समुद्र म्हणजे भिंतीच्या पलीकडचं पाणी होतं. मुखावर भिंत नव्हती, म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा मी आईचा पदर सोडला नव्हता, असं आई सांगते.

पावसाळ्यात मुखातून कुणी होडी बाहेर काढत नाही. नारळी पौर्णिमेला पहिला नारळ सोडला की मग होड्या निघतात. हा पहिला नारळ सोडण्याचा मान आमच्या घराचा. का, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. वडिलांना विचारलं की ते म्हणायचे, "आजोबांच्या आजोबांपासून," आणि चौकशी तिथेच थांबायची.

पद्धत ठरलेली होती. भरती पूर्ण भरली की पाणी क्षणभर थबकतं. त्या वेळी मानकरी कड्याच्या पायथ्याच्या कातळावर उभा राहून समुद्राला साकडं घालतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात, आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, सुरुवात झाली की नारळ पाण्यात सोडतो. पावसाने फुगलेली नदी आणि ओसरणारा समुद्र दोन्ही एकाच दिशेला ओढत असतात. नारळ बाहेर जातो. तो कड्याच्या जवळून जातो की दांड्याच्या बाजूने, हे काठावरची सगळी माणसं डोळे बारीक करून बघत राहतात. ज्या वाटेने नारळ बार ओलांडतो, तिथे त्या वर्षी पाणी खोल. होड्या त्याच वाटेने जातात. नंतर बाकीच्या घरांचे नारळ पडतात, पण वाट पहिल्याची.

बायकांनी त्या कातळावर जायचं नसतं. त्या वरच्या बांधावरून बघतात. मला भाऊ नाही.

वडील परळच्या एका गिरणीत विणकर होते. सुरुवात बदली म्हणून झाली. सकाळी फाटकावर उभं राहायचं आणि कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, जायचं. असाच एक कामगार आजारपणासाठी गावी गेला आणि लांबला. वडील त्याच्या साच्यावर जात राहिले. तो परत आला तोपर्यंत साचा वडिलांच्या हाताचा झाला होता आणि जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, तो त्यांच्याकडेच ठेवला. तो माणूस पुढे बरेच दिवस बदलीवाल्यांच्या रांगेत उभा असायचा. वडील त्याच्याशी बोलायचे, त्याला चहा पाजायचे. पण फाटकातून आत जाताना त्याच्याकडे बघत नसत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेसुद्धा दुसरंच काहीतरी सांगताना.

चाळीतले बाकीचे कोकणी लोक गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचे. वडील श्रावणात जायचे. दोन्ही वेळा रजा मिळणं शक्य नसे, त्यामुळे गणपतीत ते बहुतेक वेळा मुंबईतच असायचे. मजल्यावरचे लोक चेष्टा करायचे. "काय हो, गणपतीला लालबागमध्ये सापडणारा तुम्ही एकच कोकणी!" वडील म्हणायचे, "गणपती हयसरच येता माझ्या दारात. दर्याक कोण हाडतलो?" म्हणजे समुद्राला इथे कोण आणणार. गिरणी बंद पडल्यावर ते दादरला एका कापडाच्या दुकानात लागले. मालकाला पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं की नारळी पौर्णिमेला मी नसतो.

मग चाळीच्या पुनर्विकासाचं ठरलं. एका श्रावणात सूचना आली की सर्व्हे होणार. ज्याच्या नावावर खोली तो माणूस खोलीत हजर पाहिजे, त्याचा फोटो काढणार, अंगठा घेणार. केव्हा, ते निश्चित नव्हतं. पौर्णिमेच्या आठवड्यात कधीही. जिन्यावर अफवा होत्या. कुठल्याशा चाळीत एक कुटुंब गावी गेलं होतं, खोलीला कुलूप दिसलं आणि त्यांचं नाव मागे पडलं, असं कुणीतरी कुणाकडून ऐकलं होतं. खरं-खोटं तपासायला माझ्याकडे साधनं होती, मी वृत्तपत्रात होते. मी फोन केले. अशी घटना सापडली नाही. वडिलांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सापडली नाय म्हणजे घडली नाय, असा होता काय?"

आई म्हणाली, "यंदा भावजींका सांगा. ते काय परके?"

भावजी म्हणजे वडिलांचे धाकटे चुलतभाऊ. ते गावातच असतात, त्यांची स्वतःची होडी आहे. मी त्यांना काका म्हणते. काकांनी स्वतःच फोन केला होता. मी समोर होते.

"दादा, तू काळजी करू नको. मी सोडतंय नारळ. तुझ्या वतीन."

"नको," वडील म्हणाले.

"अरे, नको काय? एक वरसाचो प्रश्न."

"एकच वरसाचो आसता."

"म्हणजे?"

वडील म्हणाले, "मी हयसून सोडतंय. तू फोन धर. गाऱ्हाणा मीच घालतलंय. तुमचा पाणी फिरला की माका सांग, त्याच वक्ताक मी दादरच्या पाण्यात नारळ सोडतंय. दर्या काय येगळो हा? सगळो एकच."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "दादा, मुंबयत राहान तुझा डोक्या हापिसासारख्या चालता." पण काकांनी गावात विचारलं आणि गावाने हरकत घेतली नाही. आधी मोबाइलवरून गाऱ्हाणं, मग होड्यांची वाट ठरवायला काकांच्या हातचा दुसरा नारळ, असं ठरलं.

पौर्णिमेच्या दिवशी आई, वडील आणि मी असे तिघं दादर चौपाटीला गेलो. खोलीची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली होती आणि सर्व्हेवाले आले तर लगेच फोन करा असं बजावलं होतं. वडिलांनी पांढरा सदरा आणि टोपी घातली होती. नारळाला सोनेरी कागद लावला होता. ढग खाली होते. पाणी चढत चढत दगडी पायऱ्यांपर्यंत आलं होतं आणि त्यावर झेंडूच्या माळा, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाच्या तरी देव्हाऱ्याची जुनी चौकट असं काय काय हलत होतं. फोन मी धरला होता, स्पीकरवर. त्यातून आधी फक्त वारा ऐकू आला. मग काका ओरडले, "दादा, थांबला हां पाणी! घाल!"

वडिलांनी हात जोडले. "बा म्हाराजा, आज पौर्णिमेच्या दिसाक तुझी लेकरा तुझ्या दारात उभी हत."

"व्हय म्हाराजा!" फोनमधून एकदम अनेक आवाज आले. पायरीवर सेल्फी काढत असलेला एक तरुण दचकून वळला.

"ह्यो पयलो नारळ मान्य करून घे. होडक्यांका वाट दी. गेलेल्या माणसाक घराक हाड."

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला माकला तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

वडिलांनी नारळ सोडला. तो पाण्यात बुडून वर आला, थोडा पुढे सरकला, आणि पुढच्या लाटेबरोबर परत पायरीला लागला. वडिलांनी वाकून तो उचलला आणि जोर लावून लांब फेकला. तो पुन्हा आला. या वेळी सोनेरी कागद अर्धा सुटला होता.

"दादा, गेलो काय रे?" काकांनी विचारलं.

वडील नारळाकडे बघत होते.

"दादा? आयकूक येता मां? होडकी तयार हत. गेलो काय?"

"गेलो," वडील म्हणाले.

फोनमधून आरडाओरडा, शंख आणि परत वारा ऐकू आला. मग फोन कट झाला. नारळ वडिलांच्या पायापाशी पायरीवर घरंगळत होता. आई त्याच्याकडे बघून हळूच म्हणाली, "ह्येका आता घराक नेवचो की हयसरच ठेवचो?" वडील वर चढून रस्त्याला लागले. आम्ही त्यांच्या मागून गेलो. मी वळून पाहिलं तेव्हा कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला, खांद्यावर गोणी टाकलेला एक माणूस पायरीकडे सरकत होता. तिथे असे नारळ गोळा करणारे असतातच.

सर्व्हेवाले त्या आठवड्यात आले नाहीत. पुढच्या महिन्यात आले, आणि वडिलांचा अंगठा पाच मिनिटांत घेऊन गेले.

गावात त्या वर्षी काहीही वाईट घडलं नाही. हे मला स्पष्टपणे लिहून ठेवायला हवं, कारण अशा गोष्टीत काहीतरी घडलं असणार अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. होड्या गेल्या, होड्या आल्या. बांगडा चांगला मिळाला.

मी ज्या वृत्तपत्रात होते त्याच्या आतल्या पानावर मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापून येत. त्या चौकटीकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या पौर्णिमेनंतर काही दिवसांनी सहज तो अंक काढून पाहिला. आम्ही दादरला उभे होतो तेव्हा मुंबईची भरती संपलेली नव्हती. पुढे आणखी बराच वेळ पाणी आत येत राहणार होतं. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकत येते. आमच्या मुखावर पाणी फिरतं तेव्हा दादरला ते अजून चढत असतं. समुद्र एकच असला तरी त्याची वेळ सगळीकडे एक नसते. गावाच्या वेळेला मुंबईत सोडलेला नारळ परत येणारच होता. तासाभराने सोडला असता तर कदाचित गेला असता.

मला वाटलं हे ऐकून वडिलांना हलकं वाटेल. त्यांच्या मनात काय चाललंय याचा मला अंदाज होता, कारण त्या दिवसापासून ते गावचा विषय निघाला की उठून गॅलरीत जात. मी त्यांना अंक दाखवला, दोन्हीकडच्या वेळा समजावून सांगितल्या. देवाने नारळ परत केला असं काही नाही, पाणीच आत येत होतं, असं म्हटलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं. चष्मा लावून आकडे वाचले.

"बरोबर हा," ते म्हणाले. "मगे मी 'गेलो' कित्याक म्हटलंय?"

चौकटीत ते छापलेलं नव्हतं.

त्यानंतर दर श्रावणात काकांचा फोन यायचा. पौर्णिमेच्या आधी चार-आठ दिवस.

"दादा, येतंस मां?"

"यंदा गुडघो धरलो हा रे."

"बरा. मगे मी सोडतंय, तुझ्या वतीन."

"सोड."

पुढच्या वर्षी चाळ रिकामी करायची होती. त्याच्या पुढच्या वर्षी भाड्याच्या घरात सामान लागत होतं. मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, ते वडिलांनी पौर्णिमेच्या आठवड्यातच करून घेतलं. आईला हे कळत होतं. एकदा ती फोन ठेवल्यावर म्हणाली, "माझो डोळो दिवाळीतय केलो आसतो." काका मात्र एकदाही चिडले नाहीत. गाऱ्हाण्यात ते दर वर्षी "मुंबयच्या माझ्या दादाच्या वतीन" असं म्हणत आणि नंतर फोन करून नारळ कुठून गेला ते सांगत. कड्याच्या बाजूने, दांड्याच्या बाजूने, एकदा तर अगदी मधून. वडील विचारत, "बार किती लांब सरकलो हा?" काका सांगत. या बाबतीत दोघं बराच वेळ बोलत. आपला माणूस बदली म्हणून उभा आहे आणि साचा आपलाच आहे, असं त्या बोलण्यात होतं. पण वडील जात मात्र नव्हते. गावाला वाटत होतं की दादा आता पक्का मुंबईकर झाला, टॉवरच्या नादात त्याला गावाचं राहिलं नाही. हे आमच्या कानावर यायचं. वडील ते खोडून काढत नसत. खरं कारण सांगण्यापेक्षा त्यांना ते परवडत होतं.

टॉवर उभा राहिला. आम्हाला वरच्या मजल्यावर घर मिळालं. गुडघा बरा होता, आईचा डोळा बरा होता, सामान लागलेलं होतं. त्या श्रावणात काकांचा फोन आला तेव्हा वडिलांना सबब सापडली नाही.

"दादा, तुझो बदली म्हातारो झालो रे," काका म्हणाले. "ह्या वरसाक ये आणि तुझा तू सांभाळ. माझे पाय कातळावर थरथरतत."

"येतंय," वडील म्हणाले.

मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. सड्यावर एसटीतून उतरल्यावर ते पाखाडीच्या पहिल्या पायरीवर थांबले आणि खाली बघत राहिले. धुक्यातून खाडी दिसत नव्हती, फक्त बारचा आवाज येत होता. ते भराभर उतरले. मीच मागे पडले.

दुसऱ्या दिवशी मी बायकांबरोबर बांधावर उभी राहिले. खाली कातळावर माणसं जमली होती. वडील आले तशी माणसांनी बाजूला होऊन त्यांना पुढे वाट दिली. बऱ्याच जणांनी त्यांच्या पाया पडून घेतलं. काकांनी नारळ दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. त्या आवाजात मला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. वडिलांनी नारळाला हात लावून तो हात कपाळाला लावला, हात जोडले आणि मागे सरकून घोळक्यात जाऊन उभे राहिले. काका तसेच नारळ धरून उभे होते. ते काहीतरी बोलले. वडिलांनी नकारार्थी मान हलवली. पाणी थांबलं होतं आणि थांबून राहणार नव्हतं. शेवटी काकांनी तोंड समुद्राकडे केलं आणि गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" म्हणताना वडिलांचा हात बाकीच्यांबरोबर वर गेलेला मला दिसला. नारळ कड्याच्या बाजूने गेला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "बघलंस, सरळ गेलो."

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही पडवीत बसलो होतो. काळ्या वाटाण्याची उसळ आणि नारळीभात होता. वडील नीट जेवले नव्हते. काकी आत भांडी आवरत होत्या.

"सगळ्यांसमोर माका तोंडघशी पाडलंस," काका म्हणाले. "घेवक काय झाला? नारळ चावता काय?"

"माझो हक्क गेलो," वडील म्हणाले.

"कोणी नेलो? मी?"

"तू नाय. त्या वरसाक दादराक सोडललो नारळ गेलो नाय. परत येय होतो. पायरेवर इलो. तुया इचारलंस आणि मी 'गेलो' म्हणान सांगलंय. तो माझ्या पायाकडे होतो."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग ते हसायला लागले. "ह्या? ह्या धरून बसलंस तू इतकी वरसा? अगो, आयकलंस काय?" त्यांनी आत हाक मारली. "दादाचो नारळ दादरच्या दर्यान घेवकच नाय!"

"तेका आमच्यासारखो वायच मोकळो दर्या व्हयो," काकी आतून म्हणाल्या. "थय मुंबयत माणसाकच जागा नाय, नारळाक खय गावतली?"

"आमची होडकी गेलीच मां?" काका म्हणाले. "बांगडो गावलोच मां?"

आणि वडीलसुद्धा हसले. मी त्यांना तसं हसताना पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांनी काकींकडे आणखी थोडा भात मागितला.

हात धुवायला काका विहिरीकडे गेले तेव्हा मी पाणी काढत होते. ते माझ्याकडून तांब्या घेताना म्हणाले, "आमी तुझ्या बापाशीच्या शब्दावर होडकी काडलेली, काय?" हसू अजून चेहऱ्यावर होतं. हात धुऊन त्यांनी तांब्या परत दिला. दुसऱ्या दिवशी ते आमची पिशवी उचलून होडीपर्यंत सोडायला आले. होडी काठापासून सुटल्यावर त्यांनी हात वर केला. वडिलांनीही केला. परतीच्या गाडीत वडील पुष्कळ बोलले. पुढच्या वर्षी लवकर निघू, म्हणाले. आधी दोन दिवस जाऊन दांडा कुठे सरकलाय ते बघायला हवं. तेव्हा त्याने नारळ पुढे केला तर घेईन, म्हणाले. आता काही अडचण नाही.

सांगणं गरजेचं होतं असं मला तेव्हा वाटलं. आता नक्की सांगता येत नाही. गावात कुणी त्यांच्यावर आरोप केला नाही, जाब विचारला नाही. ते सांगेपर्यंत त्यांचा मान त्यांच्या नावावर होता. ते जात नव्हते तरी होता.

पुढच्या श्रावणातल्या घटनांचा क्रम असा. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी गावच्या ग्रुपवर मुखावरचा व्हिडिओ आला. त्यात काकांचं गाऱ्हाणं नीट ऐकू येतं. मुंबईच्या दादाचं नाव त्यात नाही. पुढे कुणाकडून तरी कळलं की उन्हाळ्यात पहिल्या नारळाचा मान कुणाचा म्हणून देवळात देवाचा कौल लावला होता आणि तो काकांच्या घराला मिळाला. पण हे सगळं नंतरचं. त्याआधीच्या आठ दिवसांत वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. ते फोनची वाट बघत होते. पिशवी भरलेली होती. तिकिटं त्यांनी काढू दिली नव्हती, कारण काका किती तारखेला बोलावतील ते ठरलं नव्हतं.

"तुमी करा की फोन," आई म्हणाली.

"त्यान करूचो आसता," वडील म्हणाले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते नव्या घराच्या हॉलमध्ये खिडकीपाशी बसले होते. तिथून खाली इमारती दिसतात आणि त्यांच्या पलीकडे बंदराच्या बाजूची पाण्याची एक करडी पट्टी. फोन त्यांच्या हातात होता. त्यांनी आईला विचारलं, हा चार्ज केला होता ना. आईने बघून केलाय म्हणून सांगितलं. मग त्यांनी तो बंद करून पुन्हा सुरू केला आणि रेंजच्या रेघांकडे बघत राहिले.

"या नव्या घरात नेटवर्क येता मां नीट?" त्यांनी मला विचारलं.

"येतं, बाबा."

"एकदा माका लावून बघ."

मी माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. त्यांच्या हातातला फोन लगेच वाजला, स्पष्ट, मोठ्याने. त्यांनी स्क्रीनवर माझं नाव वाचलं, आणि तो उचलला नाही, कापलाही नाही. वाजून वाजून आपोआप बंद होईपर्यंत ते तो हातात धरून बसले.